गच्चीवर हातांची बोली

सोम. ८ जाने.

खटाक्-खट, खटाक्-खट. सांचेखात्याचा आवाज, मिलमधल्या मागांचा. तो कानांनी नाही, दातांनी ऐकायचा. ओठ मिटले की दाढांत वाजायचा. आज पहाटे झोपेत तसाच वाजला. उठून बसलो, तर गॅलरीत ही खलबत्त्यात सुकं खोबरं कुटत होती.

"काय झाला?"

म्हटलं, मिल सुरू झाली.

"झाली तर. चाय घेवा नि कामार जावा."

आज खरंच काम होतं. मंडळाच्या हॉलची किल्ली माझ्याकडे, आणि आजपासून तिथे वर्ग. इमारतींच्या गच्च्यांवर सौर पॅनल बसवायला शिकवणार आहेत. हॉल मंडळाचा, सरावाला समोरच्या शाळेची गच्ची, हत्यारं आणि मास्तर कंपनीचे. शिकणारे आपल्याच चाळींतले. जे परीक्षेत उतरतील त्यांना कंपनी कामावर घेणार, तेही इथेच, लालबाग-परळच्या गच्च्यांवर. मिल गेल्यापासून या भागात माणसं कामासाठी लांब जाताना पाहिली. काम चालत इथे आलेलं पहिल्यांदाच पाहतोय.

कुलूप मी काढलं. म्हणजे उद्घाटन मीच केलं असं धरायला हरकत नाही.

बुध. १० जाने.

मागच्या बाकावर बसतो. मास्तर फर्नांडिस सर (यापुढे फ. सर, एवढं नाव रोज कोण लिहील). खोताच्या वाडीतले, जन्म वायरी ओढण्यात गेला. पहिल्या दिवशी म्हणाले, "आजोबा, तुमची ॲडमिशन कुठेय?" म्हटलं, किल्लीवाल्याला फी नसते. हसले. आज स्वतःहून बाक पुढे ओढून दिला.

वर्गात वैशाली आहे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या सावंतांची सून. दादरला साडीच्या दुकानात होती, अजून आहे, पण मालक म्हातारे झाले, दुकान बंद करून मुलाकडे चाललेत. नवऱ्याचं रिक्षावर जेमतेम. ती म्हणाली, "नाना, दहा वर्षं साड्या उलगडतेय आणि घड्या घालतेय. नेसणारी वेगळीच. आता असं काहीतरी लावायचंय जे लावलं की तिथेच राहील."

वाक्य आवडलं म्हणून लिहून ठेवलं.

आज सरांनी सांगितलं, पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि थोडं कलतं ठेवायचं. ऐकता ऐकता ओठांवर चाल आली. शाळेत आमचे मास्तर बाकावर ताल धरून कविता म्हणवून घ्यायचे, तीच चाल.

निळी काच ही ऊन वेचून घेते
घरांच्या शिरी पेरणी रोज होते

वै.ला म्हणून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. पण नाना, पेरणी नाही, इन्स्टॉलेशन."

इन्स्टॉलेशन भुजंगप्रयातात बसत नाही. प्रयत्न केला.

सोम. १५ जाने.

संक्रांत. वर्गाला तिळगूळ वाटला. हिने वड्या जरा कडक केल्या आहेत. सचिन म्हणाला, "जय भीम नाना, वडी फोडायला ड्रिल लागेल." हा सचिन वरळीच्या बीडीडी चाळीतला, आधी कुरियरची पार्सलं पोचवायचा. वै.ची आणि त्याची जोडी सरांनी लावून दिली आहे.

गोविंदाला यंदाही तिळगूळ नाही. माझ्या शेजारच्या सांच्यावर होता गोविंद. एका ताटात जेवलेलो. संपात मी बाहेर राहिलो, तो काही महिन्यांनी संप मोडून कामावर गेला. तेव्हापासून अबोला. त्याची मुलगी आजारी होती म्हणे. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर कळलं तेव्हा बोलायची सवय गेली होती. शिवाजी पार्कात सकाळी दिसतो कधी. मी कट्ट्याच्या या टोकाला, तो त्या. कोण बरोबर, कोण चूक, हे शोधायला गेलं तर आता मिलसुद्धा सापडत नाही.

मंगळ. २३ जाने.

आज गच्चीवर सराव. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून. समुद्राकडून वारा असा की डोक्यावरची टोपी हातात. त्यात बाजूला टॉवरचं काम, जमिनीत खांब ठोकणारं यंत्र. वै. या टोकाला, सचिन त्या टोकाला, मध्ये पॅनल. ती ओरडते, "उचलू नको, माझा बोल्ट ढिला आहे." त्याला ऐकू येतंय, "उचल."

तो उचलायला वाकला आणि माझे हात आपोआप वर गेले. दोन्ही मनगटं एकमेकांवर, फुली. सांचेखात्यात याचा अर्थ बंद. सचिनने आयुष्यात सांचा पाहिलेला नाही, पण थांबला.

सर माझ्याकडे वळले. "हे काय होतं?"

म्हटलं, आमच्याकडे दिवसभर असंच बोलायचे. सांचे चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. घरची सुखदुःखं हातांनी सांगितलीयत. एकाच्या लग्नाची बोलणीसुद्धा हातांनी झाली.

सर म्हणाले, "मग शिकवा ना यांना. रोज माझा घसा बसतोय."

घरी येऊन हिला सांगितलं, मी मास्तर झालो.

"ह्या वयात छपरार चडतलात?"

म्हटलं, खुर्चीवरून शिकवतो.

गुरु. १ फेब्रु.

फार मजा. पोरांनी (पोरं कसली, सचिनला स्वतःला मुलगा आहे) सगळ्या खुणा उचलल्या. फुली म्हणजे बंद. बोट गोल फिरवलं की चालू कर. करंगळी ओठाला, चहा. हात डोक्यावर ठेवला की जॉबर (खात्याचा मुकादम) येतोय, कारण आमचा जॉबर काळी टोपी घालायचा. आणि कात्रीसारखी दोन बोटं: धागा तुटलाय, ये.

ही शेवटची शिकवताना कायदाही शिकवला. कात्री दिसली की जायचं. सांच्यावर भांडण चालत नाही. सकाळी गेटवर शिवीगाळ झालेली असो, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी शपथ घेतलेली असो, कात्री दिसली की आपला सांचा सोडून त्याचा धागा जोडायचा. मग परत येऊन भांडण पुढे चालू.

वै. म्हणाली, "म्हणजे गच्चीवर माझ्याकडे काही अडलं की कात्री, आणि सचिन कितीही रुसलेला असला तरी येणार."

"मी कधी रुसतो?" सचिन.

"वडापाव संपला की."

आता गच्चीवर गप्प असतात. यंत्र ठोकतंय, वारा वाहतोय, आणि हात हलताहेत. मला वाटलं, आपलं खातं परत आलं, फक्त छप्पर काढून टाकलंय.

तिसरी ओळ मिळाली.

मुके हात बोलून जाती, परंतू

चौथी नाही.

शनि. १० फेब्रु.

परीक्षा. आणि मी काय करून बसलो.

कंपनीचे परीक्षक तांबे साहेब. मध्यमवयीन, शांत, वाईट माणूस वाटला नाही. जिन्यातून वर आले मात्र, सगळ्या वर्गाने हात डोक्यावर ठेवले. सवयीने. साहेब म्हणाले, "सगळ्यांचीच डोकी दुखतायत? ऊन लागलं का?" वै. पॅनलमागे तोंड लपवून हसत होती.

काम सुरेख झालं. सांधे घट्ट, कल बरोबर, वायरी सरळ. शेवटी वायरीचा जोड उघडायचा असतो. त्याआधी नियम आहे: जोड उघडणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "बंद?" आणि स्विचपाशी उभ्या माणसाने उत्तर द्यायचं, "बंद." वै.ने फुली दाखवली. सचिनने तिकडून फुली दाखवली. तिने जोड उघडला. प्रत्येक जोडीने असंच केलं.

साहेब म्हणाले, "विचारलं कोणी? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

फ. सर म्हणाले, "विचारलं साहेब. हातांनी."

"हात हलवणं म्हणजे विचारणं नाही. उद्या कोणी डास मारला तर मी बंद समजायचं?"

सर बोलले, मी बोललो, बहुधा जरा जास्तच. संप, सांचे, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजोबा, आमच्यात एक माणूस दगावला होता. कोणीतरी बंद आहे असं समजला होता. म्हणून मी कानांवरच भरवसा ठेवतो."

निकाल अडकवला. पण जाताना जिन्यात थांबले. "ही खरंच भाषा असेल, तर तुम्ही न शिकवलेला माणूस मला आणून दाखवा. मी गच्चीच्या या टोकाला तुम्हाला वाक्य सांगेन, तुम्ही ते हातांनी पोचवायचं, आणि त्या टोकाला त्याने ते मोठ्याने म्हणायचं. पुढच्या शनिवारी. जमलं तर यांची परीक्षा धरतो. नाही तर सगळी तुकडी पुढच्या वर्गाला परत बसेल, आणि तो वर्ग इथे असेलच असं नाही."

खाली आल्यावर वै. म्हणाली, "तुमच्यावर राग नाही नाना." मग पिशवी उचलत, "पण दुकान महिनाअखेरीस बंद होतंय."

जेवण गेलं नाही. हिने ताट परत झाकून ठेवलं. "तुमका कोणी सांगितल्यान मास्तरकी करूक?" म्हणाली आणि माझ्या वाट्याचा तळलेला बांगडा बाजूला काढून ठेवला. सकाळी खायला.

रवि. ११ फेब्रु.

दिवसभर फोन. जुन्या खात्यातला कोण उरलाय? पवार गेला. शेडगे गावी, कणकवलीच्या पुढे, त्याचे हात थरथरतात. कदमला मुलाने विरारला नेलं, तो मला ओळखेना. फोनवर म्हणाला, "कुठली मिल?"

वै. आणि सचिन संध्याकाळी आले. सचिन म्हणाला, "नाना, कोणीच नाही?"

आहे एक, म्हटलं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाव घेवा. नाव घेतल्यान जीभ झडणा नाय."

गोविंद. सचिनच्या पलीकडच्या इमारतीत राहतो. सचिन म्हणाला, "जाऊ या ना मग. आपल्यात कात्रीचा कायदा आहे."

माझाच कायदा माझ्या अंगावर.

बुध. १४ फेब्रु.

गेलो. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, म्हणून पुडी खिशात. सचिन जिन्यापर्यंत सोडून निघून गेला, शहाणा आहे.

सुनेने दार उघडलं. "बाबांना ऐकू येत नाही हं. काही वर्षं झाली." गोविंद खिडकीकडे तोंड करून बसलेला. पाठ तीच, थोडी वाकलीय. टीव्ही चालू, आवाज बंद. घर फार शांत. सुशीला वहिनी, त्याची बायको, कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पदर सारखा केला.

मी दारात उभा. हाक मारून उपयोग नाही. पुढे जाऊन खांद्याला हात लावावा, तर इतक्या वर्षांचा अबोला आडवा आला. शेवटी कात्री दाखवली. त्याच्या पाठीला. दोन बोटं, उघड-मीट, उघड-मीट.

पाठीला डोळे नसतात.

वहिनींनी चहा दिला. प्यायलो. तिळगुळाची पुडी कपाखाली ठेवली आणि आलो.

वाटेत तांबे साहेब आठवले. त्यांचं चुकलं नव्हतं. हात दिसायला समोरच्याचं तोंड आपल्याकडे असावं लागतं. आवाज पाठीमागूनही पोचतो. हे आम्हाला सांचेखात्यात कळायची गरजच नव्हती, तिथे आवाजाला जागाच नव्हती.

वै.ला हे सांगितलं. ती विचार करत म्हणाली, "मग आम्ही दोन्ही करू. आधी नजर, मग हात, मग तोंड. हात पोचला की नाही ते तोंड सांगेल, तोंड वाऱ्यात गेलं तर हात आहे." मग विचारलं, "आले का ते?"

म्हटलं, त्याने पाहिलंच नाही.

तिने करंगळी ओठाला लावली. चहा टाका, म्हणजे बसते थोडा वेळ.

शुक्र. १६ फेब्रु.

रथसप्तमी. कितीतरी दिवसांनी घरात गोंधळ, पण चांगला. हिने गॅलरीत पाटावर सूर्याचा रथ काढला, शेगडीवर दूध उतू घालवलं. वै. सरावाचं लहान पॅनल घेऊन आली आणि पाटाशेजारी उन्हात ठेवलं. त्याला जोडलेला इवलासा दिवा लागला. हिने आधी सूर्याला कुंकू लावलं, मग पॅनलला. वै. म्हणाली, "काकी, काचेवर नको, ऊन अडेल." हिने कुंकू चौकटीवर सरकवलं. म्हणाली, "देव सांबाळून घेता."

फ. सर पण आले, घरची पेरूची वडी घेऊन. पंगतीला बसल्यासारखे गॅलरीत बसले. म्हणाले, "नाना, उद्या मी तांब्यांना सांगतो, माणूस मिळाला नाही, पण पोरं आता दोन्ही करतात, हात पण, तोंड पण. बघा म्हणावं एकदा." बघतील का? सरांनी खांदे उडवले. "तांबे दगड नाही. पण कागद दगड असतो."

वै. हसत होती सगळा वेळ. निघताना मात्र गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून समोरच्या गच्चीकडे बघत राहिली. तिथे तिनेच बसवलेलं पॅनल, काळंनिळं, उन्हात. "ते काढणार नाहीत ना, नापास झालो तरी?"

सर म्हणाले, "ते नाही काढणार. ते पास आहे."

चौथी ओळ अजून नाही. तिसरीत ते 'परंतू' कुठून आलं कुणास ठाऊक. अडवून बसलंय.

शनि. १७ फेब्रु., सकाळ

घाईत. इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. वै. आणि सचिन पुढे गेले, फ. सर शाळेच्या गेटवर. मी नुसता जाऊन सांगणार होतो की साहेब, माणूस मिळाला नाही. एक पाय चपलेत होता.

दार वाजलं. हिने उघडलं आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं दूधवाला.

सुशीला वहिनी. एकट्या. संपाच्या आधी हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यानंतर हा जिना आज चढल्या. धाप लागलेली. बोलता येईना, म्हणून हात वर केला. दोन बोटं, उघड-मीट.

मग दम खाऊन म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांच्या पाठीला दाखवलंत भावोजी. त्यांनी नाही बघितलं. मी बघितलं."

म्हटलं, वहिनी, पण तुम्ही कधी मिलमध्ये...

"मिल घरात आली ना. ह्यांचे कान गेले तेव्हापासून आम्ही दुसरं काय बोलतो? भाजी काय करू, ह्यातच. भांडतो, तेही ह्यातच. सुनेला वाटतं आमचा संसार मुका. मुका कसला, मी आता ह्यांच्याहून फास्ट आहे." आणि दारातच दोन्ही हातांनी एवढ्या वेगाने काहीतरी बोलल्या की अर्धंच कळलं. तिळगूळ कडक होता, एवढं नक्की.

हिला हसू आवरेना. "मी सांगलंय होतंय तेंका, कडक झालो म्हणून."

विचारलं, तो?

"आणलंय ओढून. खाली टॅक्सीत बसलेत. वर येणार नाहीत. म्हणाले, धागा तुटलाय म्हणून आलो, बोलायला आलो नाही, असं सांग त्याला."

ही म्हणते, वहिनींना चहाशिवाय सोडायची नाही, साहेब थांबतील दोन मिनिटं. आधण ठेवलंय. तेवढ्यात हे लिहितोय, उभ्यानेच, एका पायात चप्पल.

दोघांपैकी गच्चीवर कोण उभं राहील, साहेब कसलं वाक्य देतील, धरतील की नाही, काही माहीत नाही. गॅलरीतून वाकून बघितलं. नाक्यावर टॅक्सी. खिडकीतून एक हात बाहेर आलाय, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, कामावर असताना दुमडायचा तशीच. बोट गोल फिरतंय: चालू कर.